पुढच्या शहरात

“उद्या पळू नका,” ती म्हणाली.

तो लॉजच्या पलंगावर बसून टी-शर्टवर शर्यतीचा क्रमांक पिनांनी लावत होता. मान वर न करता म्हणाला, “लोकांनी पैसे दिलेत. संस्थेला शब्द दिलाय.”

“आणि डॉक्टर काय म्हणाले?”

“जिनेसुद्धा चढू नको म्हणाले. आणि आपल्याला खोली मिळाली तिसऱ्या मजल्यावर.”

तिला हसू आलं नाही. खाली माणसं उद्यासाठी रस्त्याच्या कडेने लोखंडी कठडे ओढत होती. त्यांचा खरखराट खोलीभर घुमत होता.

टी-शर्टच्या छातीवर त्यांच्या मुलाचा फोटो होता. स्वतःभोवती गरागरा फिरत राहायचा, म्हणून सगळे त्याला भिंगऱ्या म्हणायचे. संस्थेच्या स्वमग्न मुलांच्या शाळेत जायचा. बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. एका दुपारी शाळेचं फाटक उघडं राहिलं आणि तो बाहेर पडला. त्यानंतर तो कुणाला दिसलाच नाही.

तिने अंथरूण धरलं. आजार असा काही नव्हता. सकाळी उठायचं कशासाठी, हेच तिला कळेना. केस विंचरायचे नाहीत, खिडकी उघडायची नाही, समोर ठेवलेलं ताट तसंच परत. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवणारा. बस सुटताना दिसली तरी पावलाचा वेग न वाढवणारा माणूस. तो एके दिवशी पळायचे बूट घेऊन घरी आला.

“मॅरेथॉन पळायची,” तो म्हणाला. “लोकांकडून संस्थेसाठी पैसे जमवायचे. या मुलांच्या मनगटाला घरचा फोन नंबर लिहिलेला पट्टा असायला हवा. आपल्याकडे नव्हता. आणि दर वेळी वेगळ्या शहरात पळायचं. अख्खं शहर रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहतं. मी पळताना बघीन, तू उभी राहून बघ. कुठेतरी असेलच की तो.”

ती त्या दिवशी उठली. केस विंचरले.

पहिली शर्यत त्याने रडतखडत, सगळ्यांच्या मागून पुरी केली. दुसऱ्या वेळी तो पळत असताना त्याचा फोन तिच्या पर्समध्ये वाजला. पोलिसांचा होता. पलीकडचा माणूस अडखळत, शब्द शोधत बोलत होता. दूर एका कालव्यात एक मुलगा सापडलाय. ओळख पटवायला यावं लागेल.

तिने फोन पर्समध्ये टाकला, तेवढ्यात नवरा समोरून येताना दिसला. चेहरा पांढराफटक, पाय फेंगडे पडत होते, पण डोळे लकाकत होते.

“दिसला का गं?”

तिने नुसती मान हलवली.

“असू दे. पुढच्या शहरात.”

उद्या सांगू, असं मनाशी म्हणून तिने त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली. दुसऱ्या दिवशी माहेरी जाऊन येते म्हणून निघाली आणि थोरल्या भावाला घेऊन तिकडे गेली. तो भिंगऱ्याच होता. दोघांनी मिळून त्याला निरोप दिला.

“त्यांना सांगायला हवं गं,” परतताना भाऊ म्हणाला.

“मी सांगेन, दादा. तू मधे पडू नकोस.”

पण सांगणार कसं? त्या आशेवरच तर माणूस उभा होता. ती काढून घेतली की कोसळलाच म्हणायचा.

मग वर्षं गेली. पहाटे उठून ती त्याच्यासाठी खायला करायची, गुडघ्यांना तेल चोळायची, ओले बूट वाळत घालायची. दर शर्यतीआधी तो बजावायचा, “गर्दीवर नजर ठेव हं.” ती कठड्याशी उभी राहून खरोखरच नजर ठेवायची. एखाद्या पोराची मान पाठमोरी दिसली की सगळं माहीत असूनही ती कठड्यावरून पुढे वाकायची. तो आला की विचारायचा, “दिसला का गं?” ती मान हलवायची आणि पाणी आणते म्हणून बाजूला जाऊन रडून घ्यायची.

एकदा शाळेतल्या बाईंचा फोन आला. बाजारात हरवलेली एक मुलगी मनगटावरच्या पट्ट्यामुळे घरी पोचली होती. ते ऐकून तो न्हाणीघरात गेला आणि बराच वेळ नळ सोडून बसला. याची आशा अजून किती जिवंत आहे, असं तिला वाटलं आणि तिने पुन्हा ओठ मिटले.

पण या आठवड्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं. हृदय थकलंय. उद्याची शर्यत त्याला झेपणार नाही.

“अहो, ते ठेवा जरा. माझ्याकडे बघा.”

त्याने पाहिलं.

“भिंगऱ्या उद्या गर्दीत नसणार.”

“मग पुढच्या—”

“पुढच्या शहरातही नाही. कुठेच नाही.”

तिने सगळं सांगून टाकलं. फोन, कालवा, दादा, माहेरचं खोटं निमित्त. सांगताना नजर फरशीवरून उचलली नाही. तो आता किंचाळेल, आपल्याला धरून गदागदा हलवेल, म्हणून ती अंग चोरून बसली.

तसं काही झालं नाही. त्याने टी-शर्टच्या पिना एकेक करून काढल्या. फोटो आत जाईल अशी घडी घातली. मग तिच्या शेजारी येऊन बसला.

“आता मी पळणार नाही,” तो म्हणाला. “पण तू सकाळी उठशील ना गं?”

तिला काही कळेना. “अहो, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना? तो केव्हाच गेलाय.”

“पोलिसांत हरवल्याची तक्रार माझ्या नावावर होती,” तो म्हणाला. “ती बंद करायला तेव्हाच सही माझी लागली.”