तेरावं पाऊल

खोटं वाटेल तुम्हाला, पण ही पोरगी मॉडेल होती तेव्हा झोपेतसुद्धा बारा पावलं चालायची आणि तेराव्याला कमरेवर हात ठेवून मागे वळायची. एकदा तर दातांच्या डॉक्टरकडून बाहेर पडताना अशी काही वळली, की सुजलेल्या गालांनी रांगेत बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिला पहिला सिनेमा मिळाला. शॉट अगदी सोपा होता. नायिका चिडून दार आपटते आणि मागे वळून न बघता रस्त्याला लागते. पण बारा पावलं झाली की बाईसाहेब गर्रकन वळल्याच! एकदा नाही, दोनदा नाही, अठरा वेळा. शेवटी कॅमेऱ्यालाच जांभई आली.

"आता हा शेवटचा," दिग्दर्शक ओरडला. "नाहीतर दुसरी मेकअप करून तयारच बसली आहे."

पोरगी सेटभर येरझाऱ्या घालू लागली. कुरतडायला नखंही उरली नाहीत. कोपऱ्यातल्या खुर्चीवर तिची आई बसली होती, नऊ वर्षांत लेकीचं काम बघायला पहिल्यांदाच आलेली. पोरगी रडकुंडीला येऊन तिच्यासमोर उभी राहिली. "आई, पाय ऐकतच नाहीत गं माझे! मागे न वळता जायचं तरी कसं?"

आईने थर्मासचं झाकण घट्ट लावलं.



"मला काय विचारतेस? घर सोडून गेलीस, त्या दिवशी बरं जमलं होतं."