कच्ची पकड

पडलेल्या दाढेच्या जागी जबड्यात स्क्रू बसवला, तेव्हाच मेहता डॉक्टरांनी सुधाकररावांना बजावलं होतं, "काका, आज हा घट्ट वाटेल. पण पहिल्या महिन्यात त्याची पकड ढिली पडते आणि हाडानं अजून त्याला धरलेलं नसतं. तेवढे दिवस दातांवर जोर नको."

नेमकं त्याच महिन्यात सुरतच्या उधन्याला त्यांच्या मुलीचं, धनश्रीचं लग्न झालं. पाठवणीला अख्खा मांडव रडला, पण बापानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. काय बाई दगडाचं काळीज, असं बायका कुजबुजल्या. ते सुधाकररावांच्याही कानावर आलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी स्क्रू जरा दाबून पाहिला, तर तो चक्क हलला.

"साचुं बोलो काका, खरं सांगा, दीकरीच्या लग्नात काय कडक चावलंत?"

"त्या दिवशी मी घासभरही खाल्लं नाही."

"मग एवढा जोर पडला कशानं?"

सुधाकररावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. मुंडण केलेल्या डोक्यावर केसांचे खुंट नुकते दिसू लागले होते.

"त्या दिवशी पहाटे शेजाऱ्यांकडे गावाहून भावाचा फोन आला, 'माय गयी.' बोललो असतो तर सुतक लागून लग्न थांबलं असतं. म्हणून पोर गाडीत बसेपर्यंत दातावर दात दाबून उभा होतो, डॉक्टर."