दाराजवळची ऐसपैस जागा

सहा फुटांहून उंच असलेल्या सर्जनने विमानातली आपत्कालीन दाराजवळची ऐसपैस जागा स्वतःहून सोडली आणि तो शेवटच्या रांगेत गुडघे दुमडून बसला. त्याचे पाय अवघडू नयेत म्हणून बायकोने ती जागा मुद्दाम निवडली होती.

हवाई सुंदरीने त्या रांगेतल्या प्रत्येकाला विचारतात तेच त्यालाही विचारले होते, “वेळ आली तर हे जड दार तुम्हाला उघडता येईल ना? हो की नाही, स्पष्ट सांगा.” आपल्या हातांकडे पाहत तो म्हणाला होता, “नाही.”

“अहो, माणसांच्या छात्या उघडता तुम्ही, आणि एका दाराला घाबरलात?” शेजारी येऊन बसत बायको म्हणाली. “बसा आता उंटासारखे पाय पोटाशी घेऊन!”

तो हसला नाही. तिने दिलेल्या पाण्याच्या बाटलीचे झाकण त्याने दोनदा फिरवून पाहिले आणि बाटली तशीच परत केली. तिच्या हातात ते झाकण सहज उघडले.

“उद्या माझ्या दादाचं ऑपरेशन तुम्हाला जमेल ना?” तिने हळूच विचारले. “हो की नाही, स्पष्ट सांगा.”

“नाही.”

त्याच्या उजव्या हाताची पकड दोन महिन्यांपासून सुटत चालली होती. त्या काळातही तो रोज शस्त्रक्रिया करत होता, कारण हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता.