नावाचा दगड

मड्डम दगडापुढे गुडघ्यावर बसली आणि झाडणाऱ्या पुतळाबाईचा खराटा थांबला.

वामन मास्तर कोटाची गुंडी चाचपत बाजूला उभे होते. आज त्यांचा दिवस होता. वाशीच्या पलीकडे, खाडीकाठच्या या गावात १९५७ साली इंग्रजी बोलू शकणारे ते एकटेच. मड्डमचा बाप एके काळी इथल्या मिठागरांवरचा साहेब होता. तिचा थोरला भाऊ इथंच तान्हेपणी गेला, आणि त्याला चर्चच्या आवारात पुरलं. आता हिवाळ्यात आई वारली, म्हणून ती इंग्लंडहून आली होती. एवढं मास्तरांचं साऱ्या गावाला दोनदा सांगून झालं होतं. आवार झाडायला त्यांनी पुतळाला बोलावलं. नाहीतर ती म्हातारी या बाजूला फिरकत नसे.

चर्च केवढंसं, दोन खणांचं. घरच्या आठवणीनं व्याकूळ झालेल्या कुणा साहेबानं आपल्या गावासारखं बांधलेलं. मड्डम ते बघून हसली. आईच्या गावी अगदी असंच आहे म्हणाली, फक्त ते सहाशे वर्षांचं आणि त्याच्या भिंतींवर शेवाळ. मास्तरांनी कौतुकानं मान डोलावली. मग ती आवारातल्या कबरींपाशी थांबलीच नाही. पडक्या भिंतीतून सरळ बाहेर आली आणि बांधालगतच्या त्या लहानशा दगडापाशी गेली. दगडावर भावाचं नाव होतं.

पुतळाला वाचता येत नव्हतं. पण तो दगड कुणाचा, हे तिच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी तिचं पहिलं पोर आठ दिवसांचं होऊन गेलं. तान्ह्याला जाळत नाहीत, पुरतात. बांधाशी पुरलं. तिसऱ्या दिवशी ती तिथं गेली तर कोल्ह्यांनी उकरलं होतं. काय दिसलं ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. पुढच्या साली दुसरं गेलं. या भागात चिखल हवा तेवढा मिळतो, मीठही मिळतं. दगड मिळत नाही. होते ते साहेबांच्या आवारात. भल्या पहाटे नवराबायकोनं त्यातला सगळ्यांत लहान हेरला आणि ओढत आणून आपल्या या दुसऱ्या पोरावर ठेवला. लहान दगडाखाली लहानच कुणी असणार, हे तिला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही तिनं तो नेला. तिचं पोर झाकलं गेलं आणि साहेबाच्या बायकोचं उघडं पडलं. पुढची पोरं जगली, घरात सुना आल्या, तरी ही गोष्ट तिला तीस वर्षं खात होती. कुणाला पत्ता लागला नाही, एवढाच काय तो आधार. नवरा गेला तेव्हा तर ती जाणणारी एकटीच उरली.

मड्डमनं फुलं ठेवली. पिशवीतून एक पत्र्याची डबी काढली, मग वीतभर लांबीची खुरपी. आणि दगडाच्या कडेला ती उकरू लागली.

पुतळाला लख्ख कळलं. ही माती नेणार. मेलेल्या आईजवळ ठेवायला पोराची माती. आणि ते पोर तिचं नव्हेच. गप्प राहिलं तर दगड जागचा हलणार नाही, सुनांपुढे मान खाली जाणार नाही. बोललं तर दोन्ही जाणार. तिनं खराटा खाली ठेवला.

"मास्तर, तिला थांबव. या दगडाखाली माजा पोर हाय. तिचा भाव तिथं आत हाय, उगड्यावर. दगड मी चोरला."

मास्तरांचा चेहरा उतरला. "पुतळाबाई, गप बसा. गावाची अब्रू घालवाल."

"जाव दे. पन तिला लोकाची माती नको नेव दे."

मास्तर मड्डमकडे वळून कसनुसे हसले आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटले. म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, असंच असणार. पुतळानं पुढे होऊन मड्डमचं मनगट धरलं. दुसऱ्या हातानं दगड दाखवला, मग स्वतःचं पोट. मग भिंतीपलीकडची मोकळी जागा दाखवली, जिच्याकडे तिनं तीस वर्षांत एकदाही धड बघितलं नव्हतं. मान वर करायची तिला हिंमत झाली नाही.

मड्डमनं मास्तरांकडे पाहिलं. आता इलाज नव्हता. मास्तरांनी जमिनीकडे बघत सगळं इंग्रजीत सांगितलं. ते थांबले तशी मड्डमनं खुरपी खाली ठेवली. मग तिनं एकच विचारलं.

"दगड नेणारी ती बाई तुम्हीच का, असं विचारतात," मास्तर म्हणाले.

पुतळानं होकाराची मान हलवली. आता ही ओरडेल, पाटलाला बोलावील, थोबाडीतही मारील. मारलं तर बरं होईल, असं तिला वाटलं.

मड्डमनं डबीचं झाकण उघडलं. डबी रिकामी नव्हती. काठोकाठ माती भरली होती, काळी आणि भुसभुशीत, खाडीकाठी कुठंच नसते तशी. ती हळूहळू बोलत गेली. मास्तर आधी तिच्याकडे, मग पुतळाकडे बघत राहिले. मग मराठीत सांगू लागले.

"ही त्यांच्या आईच्या थडग्याजवळची माती. तिकडच्या चर्चच्या आवारातली. तुम्ही दोघं दगड ओढत होता, ते आईनं बंगल्यातून बघितलं होतं. साहेबाला कधी सांगितलं नाही. मरताना मुलीला सांगून गेली, माझी माती दोघा पोरांत वाट, आणि आधी दगडाखालच्याला घाल."