खरा कंदील

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता नायगावचे बसवंतअप्पा पोत्यात गुंडाळलेला कंदील घेऊन विद्यापीठाच्या इतिहास-संग्रहात पोचले. रझाकारांच्या काळात त्यांच्या आजोबांनी याच कंदिलाने मुक्तिसैनिकांना रात्रीची वाट दाखवली होती. देणगीदार म्हणून पाटीवर आपलं नाव लागावं, एवढीच अप्पांची इच्छा होती.

संग्रहाच्या प्रमुख पंचशीला मॅडम त्यांना काचेच्या कपाटापाशी घेऊन गेल्या. आत एक कंदील होता आणि खाली पाटी : 'मुक्तिसंग्रामातील कंदील. देणगी : रुद्रेशअप्पा, नायगाव.'

"तुमच्या धाकट्या भावानं मागच्याच महिन्यात दिलाय," मॅडम म्हणाल्या.

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लई बेरकी हाय त्यो. म्याडम, हा नकली हाय. आमच्या आज्ज्याचा खरा कंदील ह्यो, माझ्याजवळचा."

"पण तुमचे भाऊ सांगत होते, वाटणीत कंदिलाची पाळी ठरली होती ना? एक वर्ष तुमच्या घरी, एक वर्ष त्यांच्या?"

"हाव."

"मग गेल्या दसऱ्याला तुम्ही तो त्यांच्या हवाली केला नाही का?"

"केला की. पाच पंचांसमोर, ह्या हातानं दिला."

"तेव्हा खरा दिला होता, की नकली?"

अप्पांनी खाली बघत पोतं पुन्हा गुंडाळायला घेतलं.

दुपारी तीनपर्यंत ते बाहेरच्या बाकावर बसून होते. मॅडमनी दोनदा चहा पाठवला.