घुमणारा वर्ग

बाईंच्या नणंदेने रिकाम्या वर्गाच्या मधोमध उभं राहून एकच टाळी वाजवली. आवाज उंच छताला धडकला, गुळगुळीत फरशीवर आपटला आणि बराच वेळ घुमत राहिला.

"वहिनी, घसा तुझा बसलाय, पण दुखणं या खोलीचं आहे," ती म्हणाली. "तुझा एक शब्द विरायच्या आत दुसरा त्याच्यावर आदळतो. मागच्या बाकांना नुसता कालवा ऐकू येत असणार."

बाई कसनुसं हसल्या. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर बोलायलाच बंदी केली होती. पुन्हा ओरडलात तर आवाज कायमचा जाईल, असंही बजावलं होतं. ओरडल्याशिवाय या वर्गात शिकवायचं कसं, ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. नोकरी सोडायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मुलांवर त्यांचा भारी जीव. पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

नणंद गाण्यांच्या ध्वनिमुद्रणासाठी स्टुडिओ बांधून द्यायची. तिने रजा टाकली, मुख्याध्यापकांचा पिच्छा पुरवला, पालकांना कामाला जुंपलं. मागच्या भिंतीवर जाड, मऊ पट्टे बसले. छताखाली आवाज शोषणारं दुसरं छत आलं. बाकांच्या पायांना रबरी टोपणं चढली. बाईंना आभार मानायलाही आवाज नव्हता. त्या रोज तिच्यासाठी गरम डबा घेऊन यायच्या आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहायच्या.

महिना सरला. बाई वर्गात शिरल्या. घरात बोलावं तशा त्या म्हणाल्या, "चला, पुस्तकं उघडा."

सगळी पुस्तकं एकदम उघडली. अगदी शेवटच्या बाकावरचीसुद्धा.

त्या तासभर शिकवत राहिल्या, मध्येच हसल्या, एक कविता नुसती गुणगुणल्या. आवाज एकदाही चढवावा लागला नाही. दाराशी उभ्या असलेल्या नणंदेकडे पाहून त्यांनी हात जोडले. डोळे भरून आले होते.

घंटा झाली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी भीत भीत टेबलापाशी आली. वर्षभरात ती कधी इकडे फिरकली नव्हती.

"बाई, एक विचारू?"

"विचार की गं."

"तुमचा आमच्यावरचा राग गेला?"