भाजलेलं नाव

“ओल्या फडक्यानं पुसून टाका की, ताई. एक नावच तर आहे.”

नवऱ्यामुलाच्या आईचं हे बोलणं ऐकून मी हातातला कप जपून खाली ठेवला, नाहीतर आपटलाच असता. लग्नात पाहुण्यांना द्यायचे सगळे कप कालच भट्टीतून निघाले होते. प्रत्येकावर ‘सौमित्र आणि चंद्रिका’. भट्टीत भाजलेलं नाव पुसलं जात नाही, हे किती वेळा सांगायचं?

“पण सूनबाईंचं नाव आम्ही ऊर्मिला ठेवतोय. परवा देवळात बुवांनी ऊर्मिलेचं आख्यान लावलं ना, तेव्हाच मनात भरलं. आमच्या मुलाचं नाव लक्ष्मणाचं, मग बायको ऊर्मिलाच हवी. हे फोडा आणि नवीन करा.”

लग्न आठवड्यावर आलं होतं. नुसते कच्चे कप वाळायलाच तेवढे दिवस लागतात. त्या कीर्तनाला मीही होते, पदरानं डोळे पुसत बसले होते. आज मात्र त्या आख्यानाचाच राग येत होता.

“वहिनी,” मी म्हटलं, “बुवा हेही म्हणाले होते, की लक्ष्मण वनात निघाला तेव्हा ऊर्मिलेला कुणी काही विचारलंच नाही.”

इतका वेळ मागे उभी असलेली चंद्रिका पुढे आली. तिनं एक कप उचलला, स्वतःच्या नावावरून अंगठा फिरवला.

“मावशी, चहा असेल तर ह्यातच द्या,” ती म्हणाली. “आणि आईंनाही ह्यातलाच एक भरा.”